पुढच्या काचेवर एक चरा, आणि किंमत थेट निम्मी?

भिंगरी (धागाकर्ती)

सहा वर्षं वापरलेली कॅमेऱ्याची ८५ मिमी एफ/१.८ लेन्स विकायला काढली आहे. लेन्स धडधाकट आहे. फोकस रिंग मऊ फिरते, ऑटोफोकस चुकत नाही. पण दोन वर्षांपूर्वी घाईत टोपण न लावता पिशवीत टाकली आणि चेनच्या टोकाने पुढच्या काचेवर चरा ओढला. सेंटिमीटरभर लांब, केसाएवढा. नख फिरवलं तर किंचित अडकतं.

काल एक गृहस्थ बघायला आले. मोबाइलचा टॉर्च लावला, काच इकडून तिकडून तिरकी करून पाहिली, "अरेरे" म्हणाले आणि सरळ निम्म्या किमतीवर आले. लेन्स कॅमेऱ्याला लावूनसुद्धा पाहिली नाही. मागची काच नाही, उजेडाचं भोक उघडणाऱ्या-मिटणाऱ्या पात्या नाहीत, काही नाही. वर रिंगच्या कडेचा काळा रंग उडालाय तेही बोटाने दाखवलं.

या चऱ्यानंतर मी हजारो फोटो काढलेत. एकातही तो मला सापडलेला नाही. आता सांगा, बाजार वेडा आहे की मी?

रीळवाला

बाजार वेडा नाही. तुम्ही फोटो विकत नाही आहात, वस्तू विकताय. घेणाऱ्यालाही ती कधीतरी विकायची असते, आणि त्या दिवशी त्याच्यासमोरही असाच एक टॉर्चवाला उभा राहणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तो चऱ्याचे पैसे कापत नाही, त्या पुढच्या टॉर्चवाल्याच्या भीतीचे कापतो.

आता हेच उलट बाजूने बघा. निम्म्यात घेतलेली लेन्स पाच वर्षं वापरून निम्म्याच्या जरा खाली विकली, तर गेलं काय? जो चकचकीत लेन्स घेतो त्याचा पहिल्या ओरखड्याला जीव जातो आणि किंमतही. मी गेल्या दहा वर्षांत एकही निष्कलंक लेन्स विकत घेतलेली नाही. विकताना कुरकुरायचं असेल तर घेतानाही खरचटलेलीच घ्या, फिटंफाट.

सोनेरी_कडा

+१. पण निम्मी म्हणजे जरा अतीच.

चष्मिष्ट

हिशोब करून टाकू, म्हणजे भांडायला बरं.

८५ मिमीची लेन्स एफ/१.८ ला उघडली की उजेड आत घेणारं भोक ८५ भागिले १.८, म्हणजे ४७ मिमी व्यासाचं. क्षेत्रफळ साधारण १७४० चौरस मिमी. तुमचा चरा १० मिमी लांब, रुंदी ०.१ मिमी धरू. म्हणजे १ चौरस मिमी. सतराशे चाळिसातला एक भाग. एवढा उजेड कमी झाल्याचं कुठल्याही डोळ्याला कळणार नाही. आणि पुढची काच फोकसपासून इतकी लांब असते की चऱ्याचा आकार फोटोत उमटायचा प्रश्नच येत नाही.

एफ/१६ ला तेच भोक ५.३ मिमी होतं, क्षेत्रफळ २२ चौरस मिमी. चरा नेमका त्यातून आरपार जात असेल तर अर्धा चौरस मिमी झाकला जातो. अडीच टक्क्यांच्या आत. हे अजूनही किरकोळ, पण नगण्य म्हणता येणार नाही. आता हाच चरा २० मिमीच्या वाइड लेन्सवर ठेवा आणि एफ/१६ करा. भोक सव्वा मिमी. चऱ्याने झाकलेला भाग दहा टक्के! चरा तोच, लेन्स बदलली की गुन्हा बदलतो.

आणि एक. अडवलेला उजेड हा खरा त्रास नाहीच. विखुरलेला उजेड हा त्रास. चऱ्याच्या कडा समोरून येणारा उजेड भलतीकडे फेकतात, त्याने काळे भाग धुरकट होतात. म्हणून सूर्य पाठीशी असताना सगळं छान आणि समोर आला की गडबड.

लेन्स भाड्याने देणाऱ्या लेन्सरेंटल्सचे रॉजर सिकाला यांनी पुढच्या काचेवरच्या ओरखड्यांबद्दल लिहिलंय, फोटोंसकट. शोधून बघा. काचेची अवस्था बघून पोटात गोळा येतो आणि फोटो बघून हसू येतं.

कडेलोट

चष्मिष्ट, तुमचा समोर आलेल्या सूर्याचा परिच्छेद मी जगलोय.

२० मिमी होती माझी. बाहेर फुगलेली काच, त्यावर दोन बारीक चरे. स्वस्तात मिळाली म्हणून खूश. दुपारच्या उजेडात एक वर्षभर काही तक्रार नाही. मग एकदा कड्याच्या टोकावर पहाटे साडेपाचला जाऊन बसलो, सूर्य चौकटीतच घ्यायचा होता, एफ/१६, किरणांचा तारा हवा म्हणून. घरी येऊन पाहतो तर सूर्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत एक दुधाळ फराटा. प्रत्येक फोटोत. सूर्य थोडा सरकवला की फराटाही सरकतो, म्हणजे नंतर एकसारखा पुसताही येत नाही.

तेव्हा "चऱ्याने काही होत नाही" हे वाक्य अर्धंच आहे. कुठल्या लेन्सवर, किती एफला, उजेड कुठून, हे विचारल्याशिवाय उत्तर देणाऱ्याचं ऐकू नका. भिंगरीताई, तुमच्या ८५ ला मात्र निम्मी किंमत हा अन्याय आहे.

पेचकस

लेन्स उघडायचं काम पंचवीस वर्षं करतोय, म्हणून थोडं लांबण लावतो.

माझ्याकडे येणाऱ्या लेन्सांत गिऱ्हाईक ज्याला घाबरतं आणि मी ज्याला घाबरतो त्या दोन याद्या जवळजवळ उलट्या असतात. गिऱ्हाईक घाबरतं पुढच्या काचेवरच्या टिपक्याला, आतल्या धुळीला आणि उडालेल्या रंगाला. धूळ तर नव्या लेन्समध्येही असते. झूम पुढेमागे करताना हवा आत ओढतो, त्याबरोबर धूळ. पाच-पन्नास कणांनी काही होत नाही. जुन्या काचेत हवेचे बुडबुडेही दिसतात, ते काच ओततानाचेच. त्यांचाही फोटोला उपद्रव नाही.

मी घाबरतो हेझला. काचेवर आतून बसलेला धूसर पापुद्रा. तो सरळ बघताना दिसत नाही. फोकसच्या आट्यांना लावलेलं ग्रीस वर्षानुवर्षं सुटत जातं, त्याची वाफ आतल्या काचांवर जाऊन बसते. चरा एका रेषेत उजेड विखुरतो, हेझ सगळ्या काचेवर. लवकर पुसला तर जातो, फार वर्षं बसला तर काचेवरचं कोटिंग (उजेड परत फेकू न देणारा पातळ थर) किंवा काचच खाल्लेली असते.

मग बुरशी. कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्या. कडेला एखादी बारीक फांदी असेल तर साफ होते. पण बुरशी आम्ल सोडते आणि ते कोटिंगवर कोरलं जातं, त्यामुळे बुरशी गेली तरी तिचा नकाशा उरतो. ठेवण्याच्या कपाटात आर्द्रता ४० ते ५० टक्के राखली की हा रोग होत नाही. कायम बंद चामडी डब्यात ठेवलेल्या लेन्सा सगळ्यात जास्त सडतात, आणि बाहेरून दिसतात अगदी कोऱ्या!

पात्यांवर तेल आलं असेल तर कुठली लेन्स ते विचारा. सोव्हिएत काळातल्या हेलिओस ४४-२ सारखी, हाताने अॅपर्चर (म्हणजे ते उजेडाचं भोक) फिरवायची लेन्स असेल तर तेल असूनही मजेत चालते, कारण तिथे पात्या चटकन मिटायची घाईच नसते. पण फोटो काढताना स्प्रिंगने झटक्यात मिटणाऱ्या पात्या असतील तर त्या तेलात रेंगाळतात आणि फोटो जास्त उजळ येतात. शिवाय पात्यांवर तेल म्हणजे ते ग्रीस सुटलंय. मग हेझही बघाच.

चिकटवलेल्या काचांची जोडी सुटणे हा आणखी एक प्रकार. पूर्वी कॅनडा बाल्सम नावाच्या झाडाच्या राळेने काचा जोडत, पुढे कृत्रिम गोंद आले. जोड सुटला की कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात. ती दुरुस्ती करणारे थोडे, आणि खर्च बहुतेकदा लेन्सच्या वर जातो.

आता फिल्टरच्या कडेचा पोचा. तो दिसायला क्षुल्लक, पण मला चऱ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारायला लावतो. पोचा म्हणजे लेन्स पडली. कड शिकंजात धरून गोल करता येते, फिल्टरही परत बसतो. पण आतली एखादी काच तसूभर कलली असेल तर चौकटीची एक बाजू कायम मऊ येते. तपासायची सोपी रीत: विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा अगदी समांतर लावा, पूर्ण उघड्या अॅपर्चरला फोटो काढा, चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच मऊ असेल तर ते पडण्याचं फळ.

आणि टॉर्चबद्दल. झगझगीत टॉर्च आरपार मारला तर कारखान्यातून आज आलेली लेन्ससुद्धा कचराकुंडी दिसते. टॉर्च हेझ आणि बुरशी शोधायला वापरा, धूळ मोजायला नाही. मागच्या बाजूने, तिरका.

सावली

पेचकसकाका, हे चार वर्षांपूर्वी का नाही लिहिलंत?

माझी गोष्ट भिंगरीच्या बरोबर उलटी. ३५ मिमी, जुनी, हाताने फोकस करायची. बाहेरून अशी की डब्यातून आज काढली असावी. अक्षरांतला रंग शाबूत, माउंटवर (कॅमेऱ्याला जोडायच्या कडीवर) एक ओरखडा नाही, मूळ टोपणं, मूळ डबा. विकणाऱ्याने "मिंट", म्हणजे कोरी करकरीत, म्हणून सगळ्यात वरची किंमत लावली आणि मी हसत दिली.

आमच्याकडे काळी मांजर आहे. या लेन्सने ती राखाडी यायची. खिडकीजवळ बसली की आणखीच राखाडी. सहा महिने मला वाटत होतं माझंच एडिटिंग चुकतंय. काळा गडद करत बसायची, मग मिश्या जळायच्या. शेवटी एकदा रात्री लेन्स डोळ्यासमोर धरून दूरच्या दिव्याकडे पाहिलं, तर दिव्याभोवती धुक्यातला असतो तसा गोल. मधल्या दोन काचांवर आतून पूर्ण साय.

साफ करून घेतली. बरीच सुधारली, पूर्ण नाही. आणि विनोद असा की साफ करताना पुढच्या रिंगवर हत्याराचे दोन बारीक ओरखडे पडले. आता लेन्स पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली आहे आणि बाजारात तिची किंमत पूर्वीपेक्षा कमी!

रीळवाला

तो शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावा कुणीतरी.

यूव्हीप्रेमी

म्हणून म्हणतो पहिल्या दिवसापासून यूव्ही फिल्टर लावा. चराच पडला नसता.

कडेलोट

आणि फोटोत प्रत्येक दिव्याचं जुळं प्रतिबिंब आलं असतं. काचेपुढे आणखी एक सपाट काच कशाला? हूड लावा, लेन्सच्या तोंडाशी बसणारं ते नळकांडं.

यूव्हीप्रेमी

हूडने चेन अडते का?

संपादक

फिल्टर लावावा की नाही यावर आधीच चार धागे आहेत आणि चारही बंद करावे लागलेत. इथे किमतीवर बोलू.

जुने_ते

इथले सगळे "वापरणारे" आहेत म्हणून संग्रह करणाऱ्यांच्या बाजूने दोन शब्द. आमच्याकडे नियम वेगळे आहेत आणि ते वेडेपणाचे वाटले तरी त्यांना आतून तर्क आहे.

रंग उडणं घ्या. जुन्या लायका कॅमेऱ्यांवर काळ्या रंगाखाली पितळ असतं. हाताळून हाताळून कडांना ते सोन्यासारखं दिसायला लागतं. त्यासाठी लोक जास्त पैसे मोजतात. २०१५ मध्ये अमेरिकन रॉक गायक लेनी क्रॅव्हिट्झच्या नावाने लायका एम-पी कॅमेऱ्याची एक आवृत्ती आली होती, १२५ संच, त्यात कारखान्यातच रंग घासून पितळ उघडं केलेलं. म्हणजे खरचटलेपण विकत! पण भिंगरीताई, तुमच्या लेन्सवरचा उडालेला रंग म्हणजे अॅल्युमिनियम. खाली पांढुरकं दिसतं ते. त्याला कुणी कविता लिहिली नाही, म्हणून त्याची किंमत कापली जाते. झीज दोन्हीकडे सारखीच.

तीच गोष्ट १९५३ च्या सुमाराच्या, आत ढकलता येणाऱ्या लायकाच्याच ५० मिमी सुमिक्रॉन लेन्सची. तिची पुढची काच आणि कोटिंग नाजूक. रुमालाने पुसूनपुसून बहुतेकींच्या काचेवर बारीक रेघांचं जाळं असतं. त्यामुळे स्वच्छ काच सापडली तर तिच्यासाठी वेगळीच किंमत लागते. इथे पैसा चित्राला नाही, दुर्मीळपणाला मिळतो. (तरी त्या रेघा उजेडाविरुद्ध चित्रातही दिसतात, हे प्रामाणिकपणे सांगतो.)

जुन्या निकॉन लेन्सांची आणखी गंमत. १९७७ साली एआय पद्धत (लेन्सचं अॅपर्चर कॅमेऱ्याला कळवायची) आली, तेव्हा आधीच्या लेन्सा नव्या कॅमेऱ्यांवर बसवायला अॅपर्चर रिंगची कड कापावी लागे. कंपनी स्वतः रिंग बदलून द्यायची, काहींनी घरी कानस घेऊन काम भागवलं. कानस मारलेली लेन्स आज वापरणाऱ्याला जास्त कामाची, कारण ती जास्त कॅमेऱ्यांवर चढते. संग्राहकाला ती नको. एकच खाच, एकाला गुण आणि दुसऱ्याला दोष.

आणि श्नायडरायटिस. नाव रोगाचं, रोग कातडीचा. श्नायडर कंपनीच्या लेन्सांत काचेच्या कडेला लावलेला काळा रंग आतून सुटतो आणि पांढरे ठिपके दिसतात. लोक ते बुरशी समजून पळतात. थोडा असेल तर चित्राला काहीही होत नाही. मी अशा तीन लेन्सा इतरांच्या घाबरटपणाच्या कृपेने घेतल्यात.

हिरवी_छटा

पिवळ्या झालेल्या काचेचं काय? मला पेंटॅक्सची एक जुनी लेन्स, सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४, मिळतेय, आरपार पाहिलं तर चहाच्या रंगाची. विकणारा म्हणतो "व्हिंटेज टोन".

जुने_ते

टोन वगैरे काही नाही, थोरियम हा किरणोत्सारी धातू आहे. त्या लेन्सच्या सात काचांच्या आवृत्तीत थोरियम मिसळलेली काच वापरली होती, ती वयाने पिवळी पडते. अतिनील दिव्याखाली किंवा उन्हात काही दिवस-आठवडे ठेवली की बरीच निवळते. उन्हात ठेवताना काच सूर्याकडे रोखून आग लावून घेऊ नका, खाली आरशासारखा कागद ठेवा आणि लक्ष ठेवा. पिवळेपणाची घासाघीस करा, घ्या, निवळवा.

भिंगरी

बापरे, एवढं वाचून मी विकत घ्यायलाच बाहेर पडेन.

एक विचारायचं होतं. कुणीतरी सांगितलं की टूथपेस्टने किंवा मोबाइलच्या स्क्रीनच्या पॉलिशने चरा घासून काढता येतो. करून बघू?

पेचकस

नाही. नाही. नाही.

कोटिंगचा एक थर साधारण १०० नॅनोमीटर जाड असतो. टूथपेस्ट म्हणजे दळलेले खडे. चरा आहे तिथेच राहील आणि त्याच्याभोवती नाण्याएवढं कोटिंग उडेल. कोटिंग नसलेली काच प्रत्येक पृष्ठावरून जवळजवळ ४ टक्के उजेड परत फेकते, तेवढ्याचसाठी तर १९३५ मध्ये त्साइस या जर्मन लेन्स कंपनीच्या स्माकुला यांनी कोटिंगचं पेटंट घेतलं. तुम्ही एक रेघ मिटवायला जाल आणि पुसट डाग विकत घ्याल. शिवाय काचेचा आकार बिघडतो तो वेगळाच. आज तुमच्याकडे "चरा असलेली लेन्स" आहे, तिला गिऱ्हाईक आहे. "कुणीतरी घासलेली लेन्स" याला गिऱ्हाईक नाही.

चरा खोल असेल आणि उजेड फारच उधळत असेल तर त्या रेघेत मॅट काळी शाई अगदी बारीक ब्रशने भरतात. मग तो भाग उजेड विखुरायच्या ऐवजी नुसता अडवतो, आणि अडवल्याने काही बिघडत नाही, चष्मिष्टांनी वर गणित मांडलंय. बघायला मात्र आणखी भयानक दिसतं. विकायच्या लेन्सवर करू नका, ठेवायच्या लेन्सवर करा.

चष्मिष्ट

माझ्याच गणितात एक भोक सापडलं, ते कबूल करतो. "चऱ्याचा आकार उमटत नाही" म्हणालो, ते फोकसमधल्या गोष्टींसाठी खरं. पण मागे जे दिवे फोकसबाहेर गोल होतात, तो प्रत्येक गोल म्हणजे त्या भोकाचंच चित्र असतं. तिथे चरा दिसू शकतो. आणि ८५ एफ/१.८ लोक घेतात ती त्या गोळ्यांसाठीच. भिंगरी, रात्री दूरच्या दिव्यांवर एकदा बघून घ्या. एफ/१.८, फोकस जवळ.

सोनेरी_कडा

स्वतःच्या मुद्द्याला स्वतःच सुरुंग. याला म्हणतात धागा. वाचनखूण साठवली.

भिंगरी

बघितलं. आहे.

गॅलरीतून दूरच्या रस्त्याच्या दिव्यांवर, मीटरभर अंतरावर फोकस लावून. मोठ्या गोळ्यांत डाव्या बाजूला एक तिरपी रेघ, पापणीच्या केसाएवढी. १०० टक्के मोठं केल्यावरच नीट दिसते, आणि सगळ्या गोळ्यांत नाही. चौकटीच्या मधल्या गोळ्यांत आहे, कडेच्या काही गोळ्यांत अर्धीच येते. एफ/२.८ केलं की जवळजवळ गायब. दोन वर्षांत मला दिसली नाही, कारण मी दिव्यांचे गोळे कधी मोठे करून पाहिलेच नव्हते, चेहरे पाहत होते.

खिडकीसमोर, सूर्याकडे तोंड करूनही काढले. हूडशिवाय थोडं धुरकट येतं, हूड लावला की ठीक. कोपरे चारही सारखे. पेचकसकाकांच्या पद्धतीने टॉर्च तिरका मारून पाहिला, आत साय नाही. पात्या कोरड्या.

आता प्रश्न असा की ही रेघ जाहिरातीत दाखवायची का? दाखवली तर आधीच निम्म्यावर आलेली किंमत आणखी खाली जायची.

सावली

दाखव. माझ्या सायवाल्या माणसाने दाखवलं असतं तर मीही घेतली असती कदाचित, पण त्या किमतीला नाही आणि शिव्या न देता.

रीळवाला

व्यवहार म्हणूनही दाखवणंच शहाणपणाचं. जाहिरातीत "किरकोळ खुणा" लिहिलं की वाचणारा सगळ्यात वाईट तेच गृहीत धरतो आणि त्या कल्पनेचे पैसे कापतो. चऱ्याचा जवळून फोटो, त्याच लेन्सचा एफ/१.८ ला चेहरा, उजेडाविरुद्धचा एक हूडसकट आणि एक हूडशिवाय, आणि तो गोळ्यांचा १०० टक्के तुकडा. एवढं दिलं की कल्पनेला जागाच उरत नाही. ज्याला नको तो येणार नाही, जो येईल तो आल्यावर "अरेरे" म्हणणार नाही.

आणि कृपा करून "निअर मिंट", "एक्सलंट प्लस प्लस प्लस" असलं काही लिहू नका. तीन प्लस लागले की मी समजतो बुरशी आहे.

पेचकस

त्यात एक भर. पुढची काच बदलायला किती लागतात ते कंपनीच्या दुरुस्ती केंद्राला विचारून ठेवा. बऱ्याच लेन्सांची पुढची काच एक रिंग आणि चार स्क्रू काढले की निघते. बदलायच्या खर्चाच्या वर कुणी चऱ्यासाठी कापत असेल तर तो उघड उघड फायदा घेतोय, आणि तो आकडा तुमच्या हातात असेल तर तसं सांगता येतं. मोठ्या टेलिफोटोंत तर पुष्कळदा सगळ्यात पुढे नुसती संरक्षक काच असते. लोक तिच्यावरचा ओरखडा बघून हळहळतात, आणि ती त्याचसाठी बसवलेली असते.

मागच्या काचेला हे लागू नाही बरं का. तिथे उजेड अरुंद होऊन सेन्सरजवळ आलेला असतो, एवढासा डागही जास्त हिस्सा खातो. मागे चरा असेल तर मीसुद्धा "अरेरे" म्हणेन.

हिरवी_छटा

टाकुमार घेतली. उन्हात ठेवलीय. वर लिहिल्याप्रमाणे लक्ष ठेवून बसलोय, सुट्टी घेऊन.

भिंगरी

धागा वर काढतेय, शेवट सांगायचा राहिला होता.

दुरुस्ती केंद्रात विचारलं. काच बदलण्याचा खर्च माझ्या मूळ अपेक्षेच्या पाव हिश्शापेक्षा थोडा कमी निघाला. मग जाहिरात नव्याने लिहिली, किंमत पाव हिश्शाने उतरवली, रीळवाल्यांनी सांगितलेले सगळे फोटो टाकले. गोळ्यातल्या रेघेचा पहिला.

आठवडाभर सामसूम. पहिल्या गृहस्थांचाही निरोप आला, "अजून निम्म्यात देता का". मग काल एक मुलगी आली, नाटकांच्या तालमींचे फोटो काढते म्हणाली. पिशवीतून स्वतःचा कॅमेरा काढला, लेन्स लावली, खिडकीपाशी माझ्या आईला उभं केलं आणि दहा-बारा फोटो काढले. स्क्रीनवर डोळे मोठे करून पाहिले. मग लेन्स काढून मागची काच पाहिली, पात्या मिटून उघडून पाहिल्या, रिंग कानाशी धरून फिरवली. पुढची काच सगळ्यात शेवटी. चऱ्यावरून एकदा नजर फिरवली आणि विचारलं, "हूड सोबत आहे ना?"

दिला.